उसाच्या गावात चार दिवस

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालं की मंचरनंतर शेताचा रंग बदलायला लागतो. नारायणगावपर्यंत टोमॅटो, कांदा, द्राक्षं असं सगळं मिसळून दिसतं. तिथून जुन्नरकडे किंवा पुढे आळेफाट्यावरून ओतूरकडे वळलं की दोन्ही हातांना ऊस सुरू होतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. त्यांचं पाणी कालव्यांतून फिरलं आणि जिथे पावसाच्या भरवशावर बाजरी व्हायची, तिथे बारमाही हिरवळ आली. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. पुरुषभर उंची तो केव्हाच ओलांडतो आणि मग रस्त्यावरून चालताना आभाळ आणि उसाची पानं, एवढंच दिसतं.

आमच्या थोरल्या आपा याच भागात दिलेल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस त्यांच्याकडे गेलो होतो. दरवेळी एक दिवस जुन्नर शहरासाठी राखलेला असतो. मुलांना शिवनेरी चढायची असते, आम्हाला शहराच्या पूर्वेची हबशी गुंबज पाहायची असते. १४९० च्या सुमारास मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला तो इथेच. अहमदनगर नंतर वसलं. जुन्नरी कागदही एकेकाळी सगळ्या दख्खनच्या दफ्तरांत वापरला जाई आणि तो बनवणारे कागदी बहुतेक मुसलमान होते. पण यंदा गुंबजीपर्यंत जाणं झालंच नाही. आपांच्या घरी वेगळाच विषय चालू होता.

आपांचं घर गावात नाही, वस्तीवर आहे. सात-आठ घरं, मधे विहीर, आणि चारी बाजूंना ऊस. गावठाणातली मशीद, शाळा, किराणा दुकान, सगळं एक-सव्वा किलोमीटरवर. वाट उसाच्या मधून जाते. दुल्हाभाई फजरला आणि इशाला याच वाटेने जातात. हातात काठी, बॅटरी, आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात एखादी नात लावलेली. आम्हाला आधी वाटलं, वय झाल्यावर माणसाला आवड लागते तशी ही आवड. नंतर कळलं, आवाज बिबट्यासाठी आहे. माणूस येतोय हे त्याला लांबूनच कळलं की तो बाजूला होतो. अचानक समोरासमोर येणं, तेच धोक्याचं. वस्तीवरचे इतर लोक भजनं लावतात, तरुण पोरं काय लावतात ते लिहीत नाही.

आम्ही पोचण्याच्या आठ दिवस आधी आपांच्या दोन शेळ्या गेल्या होत्या. एक दुभती, आणि एक बोकड, जो पुढच्या बकरी ईदसाठी पाळला होता. रात्री दीडच्या सुमारास कुत्री भुंकली, मग एकदम गप्प झाली. सकाळी बोकड गोठ्यातच मेलेला आणि शेळी उसात ओढून नेलेली. फरफटीची खूण सरळ उसाच्या सरीत शिरली होती. वनरक्षक आला, पंचनामा झाला, भरपाईचा अर्ज भरून झाला. पण आपा अजून त्या गोठ्याकडे पाहत नव्हत्या. शेळी हा इथल्या बायकांचा बँकेतला पैसा आहे. मुलाची फी, दवाखाना, लग्नातला आहेर, सगळं त्यातून निघतं, आणि नवऱ्याला विचारावं लागत नाही.

या घराच्या मागच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहत होती. नांदेडकडची, वय पंचविशीच्या आत-बाहेर. वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.ला लागलेली. अभ्यासाचा विषय, तिच्याच शब्दांत, "बिबट्या शेतात कसा राहतो, आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्यांचं नुकसान कशाने कमी होतं." तिचं नाव लिहीत नाही, तिनेच तशी विनंती केली आहे. वस्तीवर सगळे तिला ताई म्हणतात, आपा मात्र बेटी म्हणतात.

ती काम कसं करते हे आम्ही दोन दिवस तिच्यासोबत फिरून पाहिलं. आमची दहावीतली मुलगी तर तिला चिकटूनच होती. सकाळी ऊन वर आल्यावर ती बांधाबांधाने निघते. ओढ्याच्या वाळूत, कालव्याच्या भरावावर पंजाचे ठसे पाहते. कुत्र्याच्या पंजात नखं उमटतात, बिबट्याच्या पंजात उमटत नाहीत, कारण तो चालताना नखं आत ओढून घेतो. हा पहिला धडा. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधलेले असतात. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. दोन कशाला, तर प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे; आणि डाव्या कुशीची नक्षी उजव्या कुशीसारखी नसते. दोन्ही बाजूंचे फोटो असले तरच हा कालचाच की दुसरा, ते सांगता येतं. वाळलेली विष्ठा सापडली तर ती कागदी पिशवीत भरून तारीख आणि जागा लिहायची. त्यातले केस प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्याने काय खाल्लं ते कळतं. आमच्या मुलीने नाक दाबलं, पण पिशवी तिनेच धरली होती.

आम्ही विचारलं, "हे जंगलातून इकडे येतात कशाला? पाण्यासाठी?"

ती म्हणाली, "येत नाहीत, सर. इथलेच आहेत. इथेच जन्मले."

शाळेत आपण पोरांना शिकवतो की प्राणी जंगलात राहतात, जंगल कमी झालं म्हणून ते गावात शिरतात. पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. पण इथली गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ओतूरहून ब्राह्मणवाड्याकडे घाट चढून गेलं की पलीकडे अकोले तालुका लागतो. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने कॅमेरे लावून मोजणी केली होती. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात, जिथे धड जंगल नाही आणि हरणंही नाहीत, अशा शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ प्रौढ बिबटे निघाले. तरसं जवळपास तेवढीच, ५ च्या आसपास. शिवाय कोल्हा, खोकड, रानमांजर, आणि मांजरापेक्षाही लहान अशी वाघाटी. ही आकडेवारी ऐकून आम्ही त्या उसाकडे पुन्हा एकदा पाहिलं. दीड वर्ष कुणी आत शिरत नाही, सावली आहे, पाटाचं पाणी आहे. मादीला पिल्लं घालायला याहून बरी जागा कुठली?

मग खातात काय? त्याचंही उत्तर अकोल्याच्या विष्ठेत सापडलं होतं. तिथल्या बिबट्यांच्या खाण्याचा ८७ टक्के भाग पाळीव किंवा गावात राहणाऱ्या जनावरांचा निघाला. त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. ती म्हणाली, "याचा अर्थ त्याला बकरी आवडत नाही असा नाही. बकऱ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि दिवसा त्यांच्यासोबत माणूस असतो. कुत्रं रात्री उघड्यावर असतं, म्हणून ते जातं."

म्हणूनच तिच्या पिशवीत कॅमेऱ्यासोबत एक साधा मोजपट्टीचा टेपही असतो. ती गोठे मोजते. भिंत किती उंच, दार कशाचं, पत्रा आणि भिंत यांत फट किती, जाळी आहे का, कडी आतून की बाहेरून. आपांच्या गोठ्याच्या तीन भिंती विटांच्या आणि दार लोखंडी. कुणीही म्हणेल, पक्का गोठा. पण मागच्या बाजूला पत्र्याखाली हवेसाठी सोडलेली जागा होती, हातभरापेक्षा थोडी जास्त. बिबट्या तिथून उतरला होता. भिंतीवर पंजाचे ओरखडे होते. तिने ते आधीच टिपून ठेवले होते, फोटोसह. आपांना मात्र तिने ते दाखवले नव्हते. "अजून दुःख ताजं आहे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर अंगणात बैठक बसली. वस्तीवरची सगळी घरं, गावातले दोघे-तिघे, आणि एक टाइप केलेला अर्ज. मजकूर असा की या परिसरात पिंजरा लावून बिबट्या पकडून दूर न्यावा. बहुतेकांच्या सह्या झाल्या होत्या, दुल्हाभाईंची बाकी होती. ते वस्तीत वयाने मोठे. त्यांची सही असली की अर्जाला वजन येतं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि त्या मुलीला हाक मारली.

"बेटी, तू शिकलेली आहेस. सांग, करू सही?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने जुन्नरचीच गोष्ट सांगितली. तिथे बसलेल्यांपैकी वयस्कांना ती आठवत होती, पण अशी जोडून कुणी सांगितली नव्हती. २००१ सालापासून या भागातले बिबटे मोठ्या संख्येने पकडून, सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. हेतू चांगलाच होता. त्याआधी, १९९३ ते २००१ पर्यंत, वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत होते. २००१ ते २००३ या काळात ते वर्षाला सरासरी १७ झाले, आणि जीव जाण्याचं प्रमाणही दुप्पट झालं. हल्ले जिथून बिबटे नेले तिथे वाढले, आणि जिथे सोडले त्या भागातही सुरू झाले. पकडलेल्या जनावराला अनोळखी मुलखात सोडलं की ते बिथरतं, परत फिरतं, वाटेत नवी गावं लागतात. आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. तिने आजोबाचीही गोष्ट सांगितली. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीत पडलेला एक म्हातारा नर. गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, तर तो रस्ते, रेल्वे ओलांडत महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. इतकं चालूनही वाटेत त्याने कुणा माणसाला हात लावला नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली मेला. त्याच्यावरचा 'आजोबा' चित्रपट काहींनी पाहिला होता.

सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग एक बाई म्हणाल्या, "ताई, तुमचं आजोबाचं ऐकलं. पण शिरूरकडं, आंबेगावकडं पोरं नेलीत उचलून, ते काय खोटं?"

ते खोटं नव्हतं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत गेल्या काही वर्षांत माणसं गेली आहेत. लहान मुलं, खाली वाकून काम करणाऱ्या बाया. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो असं म्हणतात. पण ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला हे स्पष्टीकरण काय कामाचं? आमच्या मते त्या मुलीचा मोठेपणा इथेच दिसला. ती आकडे घेऊन वाद घालायला बसली नाही. म्हणाली, "ज्याने माणसावर हल्ला केला तो पकडलाच पाहिजे, आणि तो परत कुठे सोडू नये. त्या अर्जावर मी पण सही करीन. पण इथं अजून माणसावर हल्ला झालेला नाही. पिंजऱ्यात बकरी बांधली की जो पहिला येईल तो अडकेल. तुमची बकरी नेणारा तोच असेल, हे मी सांगू शकत नाही. आणि त्याच्या जागी येणारा यापेक्षा शांत असेल, हेही नाही."

"आणि पिंजरा नाही लावला तर काही होणार नाही, हे तरी सांगशील का?" दुल्हाभाईंनी विचारलं.

"नाही, चाचा. ते कुणीच सांगू शकत नाही."

अंगणात कुणी बोलेना. उसाची पानं वाऱ्याने घासत होती आणि प्रत्येकाचं लक्ष एकदा तरी तिकडे गेलं. दुल्हाभाई शांतपणेच म्हणाले, पण शब्द कडू होते, "तुझा अभ्यास तीन-चार वर्षांचा. तो झाला की तू पुण्याला जाशील. आम्हाला इथंच राहायचंय."

"खरंय," ती म्हणाली. तिने सफाई दिली नाही.

यावर आमचं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच ती बैठक अवघड होती. शहरात बसून 'वन्यजीव वाचवा'ची चित्रकला स्पर्धा घेणं सोपं आहे. आमच्या शाळेत दरवर्षी होते. तो वाचवण्याचा खर्च मात्र आपांसारख्या बायका भरतात, शेळीच्या रूपाने, झोपेच्या रूपाने. आणि आपांपेक्षाही जास्त भरतात ते ऊसतोड मजूर. बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात, शेताच्या कडेला कोप्या बांधून राहतात. कोपीला दार नसतं, गोठा तर दूरच. पहाटेच्या अंधारात आई-बाप तोडीला लागतात आणि मूल बांधावर गोधडीत झोपलेलं असतं. ऊस तुटत आला की आत दडलेल्या मादीची जागा कमी कमी होत जाते. शेवटच्या सऱ्यांमध्ये पिल्लं सापडतात. पूर्वी लोक ती उचलून न्यायचे, मग मादी रात्रभर ओरडत वस्तीभोवती फिरायची, आणि तेव्हा धोका सगळ्यात जास्त असायचा. आता वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं येतात, पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात, समोर कॅमेरा लावतात. बहुतेक वेळा मादी अंधारात येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. आमच्या मुलीला तिने त्याची चित्रफीत दाखवली. आपांनीही खांद्यावरून वाकून पाहिली आणि म्हणाल्या, "आई ती आईच." लगेच पुढे म्हणाल्या, "पण माझी बकरी पण गाभण होती."

बैठकीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली, ती विजेची. शेतीपंपाची थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की बारा-एकला उठून मोटार चालू करायची आणि गुडघाभर चिखलात दारं धरायची. दारं धरणं म्हणजे एका वाफ्यातलं पाणी बंद करून दुसऱ्यात सोडणं. वाकूनच करावं लागतं, आणि बॅटरी तोंडात धरावी लागते. बिबट्या ज्या वेळेला शिकारीला निघतो, नेमक्या त्याच वेळेला माणूस उसात वाकलेला. सौर कृषी वाहिनीवर गेलेल्या काही गावांना आता दिवसा वीज मिळते. या वस्तीचा नंबर अजून लागलेला नाही. त्या मुलीने वस्तीवरच्या प्रत्येक घराला विचारून ठेवलं होतं की रात्री घराबाहेर कोण, कशासाठी, किती वेळ जातं. तिच्या वहीत पाणी धरणं पहिलं होतं, त्यानंतर शौचाला जाणं, मग दूध घालायला जाणं, आणि मग मशीद-देवळात पहाटे जाणं. बिबट्याचा अभ्यास करायला आलेली मुलगी शेवटी माणसांचं वेळापत्रक लिहून बसली होती. दुल्हाभाईंनी ती वही मागून घेतली आणि बराच वेळ वाचली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आपांना गोठ्यामागे नेलं आणि ती फट दाखवली. आपा रडल्या नाहीत, चिडल्या. "चौदा वर्षं झाली गोठ्याला, एकालाही दिसली नाही ही?" दुपारी आम्ही आणि भाचा नारायणगावला जाऊन वेल्डमेशची जाळी, बाइंडिंग वायर आणि दोन दिवे घेऊन आलो. पैसे आपांनीच दिले, आमचे घेतले नाहीत. वेल्डिंगवाला संध्याकाळी आला. पत्र्याखालची जागा हवा येईल अशी ठेवूनच बंद केली. दाराच्या खालची बोटभर फटही तिने पट्टी लावायला सांगितली. आपा म्हणाल्या, "बिबट्या बोटभर होतो का गं?" तर म्हणाली, "बिबट्या नाही आपा, मुंगूस. तुमच्या कोंबड्यांसाठी." त्यावर आपा आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या, असं भाचा नंतर म्हणाला.

वस्तीवरच्या आणखी तीन घरांनी जाळीचा भाव विचारला. दोघांकडे तेवढे पैसे नव्हते. मरून गेलेल्या शेळीची भरपाई मिळते, जिवंत शेळीच्या गोठ्याला जाळी घ्यायला हातात काही येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे गणित आम्हाला उलटं वाटतं. खातं, ग्रामपंचायत, साखर कारखाना, कुणीही यात हात घालावा. एका गोठ्याच्या जाळीचा खर्च एका शेळीच्या किमतीपेक्षा जास्त नाही, हे आम्ही स्वतः बिल देताना पाहिलं.

अर्जाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. निघायच्या आदल्या रात्री दुल्हाभाईंनी तो पुन्हा काढला. इशानंतर बराच वेळ कंदिलासारख्या त्या नव्या दिव्याखाली बसले होते. पिंजऱ्याच्या मजकुरात त्यांनी 'माणसावर हल्ला करणारा' एवढे शब्द हाताने वर घातले. खाली, टाइप केलेल्या ओळी संपल्या तिथे, शाईने चार मागण्या लिहिल्या: वस्तीला दिवसा वीज, वाटेवर दिवे, तोडणीच्या टोळ्यांना राहायला बंद खोल्या, आणि गोठ्यांना जाळी. मग सही केली, मराठीत, आणि तिच्या शेजारी सवयीने उर्दूत. ज्यांनी आधी सह्या केल्या होत्या त्यांना हा बदल मान्य आहे का, हे विचारायला ते सकाळी घरोघर जाणार होते. दोघे तरी भांडतील, असं त्यांनीच सांगितलं.

आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या शेतात तोड सुरू झाली होती. ट्रॅक्टर उभे होते, पाचटाचा वास सुटला होता. ती मुलगी मुकादमाशी बोलत होती, की शेवटच्या आठ सऱ्या राहिल्या की कामाआधी तिला आणि वनरक्षकाला फोन करावा, आणि लहान मुलं तोवर ट्रॉलीत बसवावीत. मुकादम मान डोलवत होता आणि मोबाईलमध्ये तिचा नंबर घालत होता.